सोयाबीनला तणनाशक मारू की भांगलण करू? बाबा एकीकडं, शेजारी एकीकडं

वेदगंगेकाठचा | ४ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी नोकरीला बेळगावात उद्यमबागेत, शेत निपाणी तालुक्यात. पावणेतीन एकर. त्यातलं दोन एकर सोयाबीन १४ जूनला पेरलंय, सहा ओळी सोयाबीन आणि एक ओळ तूर असं. बांधाकडेनं म्हशीच्या वैरणीसाठी दोन-दोन ओळी मका. पेरणी झाली आणि पाऊस असा लागला की कोळपं घालायला घातच मिळाली नाही. आज जाऊन बघितलं तर केना, कुर्डू, बारीक गवत, आणि खालच्या अंगाला नुसता लव्हाळा. सोयाबीन हुडकावं लागतंय.

भांगलणीला बायका नाहीत. आहेत त्या उसाच्या लावणीवाल्यांनी आधीच बोलून ठेवल्यात. शेजारचे अण्णा म्हणतात, "इमाझेथापायर मार, सिलेक्टिव्ह हाय, सोयाबीनला कायबी होत न्हाई." बाबा (वय ७१) म्हणतात, "औषधाला डोळे असतात काय? हे पीक, हे तण, हे त्याला कोण सांगणार?"

मला बाबांना उत्तर देता आलं नाही. खरंच कसं ओळखतं ते? आणि माझ्या रानात मारावं की नको? रविवारी गावी जाणार आहे, तोवर ठरवायचंय.

रताळी_सम्राट | ४ जुलै, रात्री १०.२२

औषधाला डोळे नसतात, दुकानदाराला असतात. आलेल्या माणसाचा खिसा बरोबर ओळखतो.

चिकोडी_दुकानातून | ४ जुलै, रात्री १०.४०

नाव काढलासा आणि मी हजर. खिसा ओळखायला तो भरलेला पाहिजे की ओ, निम्मं गिऱ्हाईक उधारीवर. असो. इमाझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली, पाणी २०० लिटर. सोयाबीनला आमच्याकडं सगळ्यात जास्त खपतंय तेच. पण विचारणाऱ्यानं दिवस सांगितले ते बरं केलं. १५ ते २० दिवस ही वेळ. तण दोन ते चार पानांवर पाहिजे. तुमचे आज २० झाले.

कोळपं_कुळव | ५ जुलै, पहाटे ५.१०

बाबा बरोबर बोलल्यात. आम्ही चाळीस वर्सं भुईमूग, जोंधळा, मूग केला. दोन कोळपण्या, एक भांगलण. एकदा औषध मारलं न्हाई. तणाला औषध मारायचं म्हंजे घरात उंदीर झाला म्हणून घर पेटवायचं.

धारवाडी_पदवी | ५ जुलै, सकाळी ७.३०

बाबांचा प्रश्न आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे. शिकताना मला स्वतःला हे दुसऱ्या वर्षी उमगलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इमाझेथापायर सोयाबीनमध्ये पण शिरतं आणि तणामध्ये पण शिरतं. झाडाला व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं स्वतः तयार करावी लागतात. त्या कामाचं एक विकर (एन्झाइम) असतं, औषध नेमकं ते बंद पाडतं. अमिनो आम्लं नाहीत तर नवी पेशी नाही, शेंडा तिथंच थांबतो. सोयाबीन मात्र आत आलेलं औषध भराभर मोडून टाकतं. दोन गडी एकच ताडी प्यालेत, एकाला चढली, दुसऱ्यानं पचवली, एवढाच फरक. पण पचवणाऱ्यालाही जास्त पाजली की तो पण आडवा होतो. सोयाबीन गारठलेलं असेल, पाणी साचून मुळं गुदमरली असतील, तर पचवायची ताकद कमी पडते आणि पानं पिवळी दिसतात.

दुसरी तऱ्हा वेगळी. क्विझालोफॉप इथाइल घ्या, ५ टक्क्यांचं, हेही एकरी ४०० मिली. हे फक्त गवतावर चालतं. झाडात चरबी तयार करणारं एक विकर असतं, गवतात त्याची घडण अशी की औषध जाऊन बसतं, रुंद पानाच्या झाडात ते बसतच नाही. किल्ली एका कुलपाला लागते, दुसऱ्याला लागत नाही. मारल्यावर आठवड्यानं गवताचा मधला गाभा धरून ओढा, बुडातून सडून अलगद हातात येतो. तेवढं बाबांना करून दाखवा. पण केना आणि कुर्डू त्याला भीक घालत नाहीत.

आता तुमच्या रानाचं. बांधावरचा मका गवतवर्गातला. इमाझेथापायर आणि क्विझालोफॉप, दोन्हींनी तो मरतो किंवा खुजा राहतो. तूर इमाझेथापायर सोसते, तरी तुम्ही घ्याल त्या बाटलीच्या लेबलवर तुरीचं नाव आहे का बघूनच मारा. लव्हाळ्याची वरची पात थोडी थांबेल, जमिनीतल्या गाठी जिवंत राहतात.

रताळी_सम्राट | ५ जुलै, सकाळी ७.४१

ताडीचं उदाहरण लगेच समजलं. विकराचं तेवढं परत सांगा.

अथणीचा_फड | ५ जुलै, सकाळी ८.०५

धारवाडीबाबांचं हे दोन वर्सांमागं वाचलो असतो तर माझी आठ हजाराची पेरणी वाचली असती. उसाची लावण, सरीच्या दोन्ही अंगाला सोयाबीन टोकलेलं. ऊस वीस दिवसांचा, तण माजलेलं. अॅट्राझिन उसाला चालतंय हे सगळ्या गावाला म्हाईत. मारलो. ऊस हसूलालता आणि सोयाबीन कडंनं वाळूलालतं. चौथ्या दिवशी बायकू म्हणाली, "उसाला विचारून मारलासा, सोयाबीनला कोण विचारलं?"

सिलेक्टिव्ह म्हंजे एका पिकाला सिलेक्टिव्ह. रानात दोन पिकं असली की दोघांची नावं घेऊन विचारायचं. दुकानात मी एकच घेतलो होतो, दुकानदाराचा दोष न्हाई.

चिकोडी_दुकानातून | ५ जुलै, सकाळी ८.३०

ह्या शेवटच्या वाक्याबद्दल तुम्हाला पुढच्या वेळी चहा माझ्याकडनं.

मुंबईत_बसून_शेती | ५ जुलै, सकाळी ९.५०

मुळात तण हा शत्रू आहे हीच दृष्टी चुकीची आहे. तण हे जमिनीचं पांघरूण आहे. आच्छादन करा, सजीव मल्चिंग करा, रसायनं पूर्णपणे बंद करा. आमच्या पूर्वजांनी हजारो वर्षं तणनाशकाशिवाय शेती केली.

कोळपं_कुळव | ५ जुलै, सकाळी १०.०२

औषध नको हे मी पण म्हणालो. पण पूर्वजांच्या घरात भांगलायला अकरा माणसं होती बाळा. या एक दिवस. पांघरूण काढायला खुरपं देतो.

खानापूरची_सूनबाई | ५ जुलै, दुपारी २.२०

सगळे पुरुष लिहितायत म्हणून मी लिहिते, कारण भांगलण शेवटी आमच्याच कंबरेवर येते.

आमच्याकडं पेरणीचं भात. रोहिणी लागल्या की कुरीनं धूळवाफेत पेरतात. भात आणि गवत एकदमच उगवतं, आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, जुलैत आठ-आठ दिवस डोक्यावरचा इरला उतरत नाही. वाकून वाकून हाताची बोटं पांढरी पडायची. भातासारखंच दिसणारं एक गवत असतंय, सासूबाई पेरावरचा रंग बघून ओळखायच्या, मी पहिल्या वर्षी भातच उपटलं होतं. त्यावरून अजून चिडवतात.

पाच वर्षांपासून बिस्पायरीबॅक सोडियम मारतो, १० टक्क्यांचं, एकरी ८० ते १०० मिली. गवत तीन-चार पानांवर असताना. आधी बांध फोडून खाचरातलं पाणी काढायचं, तण उघडं पडलं पाहिजे. मारल्यावर दोन दिवसांनी पाणी परत कोंडायचं. पहिल्या वर्षी पाणी न काढताच मारलं, औषध पाण्याला आणि गवत जाग्यावर.

आता दुसरी बाजू. भांगलायचो तेव्हा संध्याकाळी प्रत्येकीच्या डोक्यावर गवताचा भारा असायचा. म्हशीचं महिन्याचं भागायचं. कुर्डूची कोवळी भाजी, माठ, घोळ, पाथरी सगळं त्या रानातनंच. आता वैरण विकत घेतो, आणि फवारलेल्या रानात म्हैस सोडता येत नाही. दुसरं म्हणजे शेत नसलेल्या बायकांचे जून-जुलैचे पगार गेले. आमच्या गल्लीतल्या दोघी आता बेळगावात धुणीभांडी करायला पहिल्या बसनं जातात. मी औषध मारते, पुढंही मारणार, माझी कंबर मला हवी आहे. फुकटात झालंय असं मात्र कुणी म्हणू नका.

मळेकरीण | ५ जुलै, दुपारी ३.०५

वहिनी, पेरावरचा रंग हे अगदी खरं. आमची आज्जी म्हणायची, भात लाजरं असतंय आणि गवत माजोरं.

बंबाखूवैरी | ५ जुलै, दुपारी ४.४५

मी निपाणीच्या बाजूचाच. तंबाखू. आमच्या पिकाला एकच नाव ऐकलं की घाम फुटतो, २,४-डी.

चार वर्षांमागची गोष्ट. सप्टेंबर, लावण होऊन महिना झालेला, पानं तळहाताएवढी. पलीकडच्या उसात एकानं संध्याकाळी २,४-डी मारलं. उसाला चालतं, रुंद पानाचं तण मरतं, त्यांचं काही चुकलं नाही. वारा आमच्याकडं होता एवढंच. आणि ते एस्टर प्रकारचं, त्याची वाफ होऊन उडते. आठ दिवसांत माझ्या कडेच्या बारा ओळींचे शेंडे पिळले, नवी पानं आली ती गवतासारखी अरुंद, शिरा जवळ आलेल्या, दोरीगत. पान म्हणून विकायचं पीक, त्यालाच पान राहिलं नाही. पंच बसले, चार माणसांनी बघितलं, त्यानं निम्मं भरून दिलं. बोलाचाली अजून कमीच आहे.

त्या माणसाला मी तेव्हा हेच म्हणालो होतो, तुझं औषध तुझ्या उसाला सिलेक्टिव्ह, माझ्या बांधाला नाही. वेदगंगेवाले, तुमच्या शेजारी तंबाखू, वांगी, टोमॅटो, मिरची काय आहे ते आधी बघा. सोयाबीनला २,४-डीचा संबंध नाही हे खरं, पण पंप कुणाचा आणताय? भाड्याच्या पंपात काल काय होतं कोण सांगणार?

अथणीचा_फड | ५ जुलै, सायंकाळी ५.१५

द्राक्षबागांचं पण तेच. आमच्याकडं बागायतदार आधी फोन करतात, "उसात काय मारणार असलासा तर सांगा." २,४-डीचा पंप वेगळाच ठेवायचा. न्हाई तर धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजत घालायचा, नळी, नोझल सगळं, मग दोन-तीनदा धुवायचा. नुस्तं खळबळून भागत न्हाई.

रताळी_सम्राट | ५ जुलै, सायंकाळी ५.३०

बंबाखूवैरी, नावाचा अर्थ सांगा की. तंबाखूशी वैर आहे काय?

बंबाखूवैरी | ५ जुलै, सायंकाळी ६.००

तंबाखूच्या मुळावर येणारं बांडगूळ म्हणजे बंबाखू. त्याला हिरवं पानच नाही, सगळं रक्त तंबाखूचं पितं. जमिनीतनं फुलाचा तुरा वर आला की आपल्याला कळतं, तोवर तंबाखू सुकायला लागलेली असते. बी एवढं बारीक की फुंकरीनं उडतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. फुलायच्या आत हातानं उपटायचं आणि रानाबाहेर नेऊन जाळायचं. दुसऱ्याच्या मुळावर जगणाऱ्याला औषध लागू करायचं म्हणजे आधी ते तंबाखूलाच पाजायचं. जोंधळ्यात आणि उसात टारफुला असतो, त्याच घराण्यातला.

आमचे वडील १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसले होते. ते म्हणायचे की व्यापारी आणि बंबाखू दोघांचं खाणं एकच. आता मात्र विषय भलतीकडं चालला.

रताळी_सम्राट | ५ जुलै, सायंकाळी ६.०४

चालू दे की. त्या आंदोलनाचं लिहाच.

व्यवस्थापक | ५ जुलै, सायंकाळी ६.३०

आंदोलनावर वेगळा धागा काढा, तिथं जरूर लिहा. इथं तण.

शिवारसुटी | ५ जुलै, रात्री ८.१०

एवढं डोकं कशाला? ग्लायफोसेट घ्या, नोझलला प्लास्टिकची टोपी लावा आणि दोन ओळींतनं मारत जा. सगळं साफ. मी कापसात करतो.

धारवाडी_पदवी | ५ जुलै, रात्री ८.३५

हा सल्ला घेऊ नका. ग्लायफोसेट निवडक नाही, हिरवं दिसेल ते मारतं. सोयाबीनच्या ओळी एक-दीड फुटांवर, त्यात वाऱ्याच्या झुळकीला टोपी काय करणार? शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच करायचं ठरवलं. आणि दुसरं ते पॅराक्वाट, त्याला तर उतारा नाही. पोटात घोटभर गेलं तरी माणूस वाचवणं अवघड. केरळनं २०११ मध्येच बंद केलंय. घरात ठेवूच नका.

शिवारसुटी | ५ जुलै, रात्री ८.४०

सगळं गाव मारतंय ओ. परवाना कोण बघतंय?

खानापूरची_सूनबाई | ५ जुलै, रात्री ८.५५

परवाना कुणी बघू दे न बघू दे, मारणाऱ्याची पाठ कोण बघतं? आमच्याकडं सगळीकडं गळका पंप, पाठीवरनं औषध कंबरेपर्यंत ओघळतंय, पायात काही नाही, तोंडाला टॉवेल. बाटलीवर हिरवा त्रिकोण दिसला की म्हणतात काही होत नाही. हिरवा म्हणजे लाल-पिवळ्यापेक्षा कमी विषारी एवढंच, सरबत नव्हे. हातमोजे आणि बूट घाला. पंप विहिरीवर धुऊ नका.

चिकोडी_दुकानातून | ५ जुलै, रात्री ९.२०

वहिनींचं बरोबर. त्याच्यात आमच्या भागाची वेगळीच अडचण, बाटलीवरची भाषा. कन्नडमध्ये तणाला "कळे" म्हणतात आणि औषधाला "कळेनाशक". परवा एक मामा बाटली हातात घेऊन अर्धा तास बघत होते. म्हणाले, "नावातच लिवलंय, कळेना म्हणून."

हसायचं ते हसा, पण खोक्यात घडी घातलेला जो पातळ कागद असतो ना, त्यात बहुतेक वेळा मराठी पण असते. अक्षर मुंगीएवढं. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचा. पीक, मात्रा, पाणी, वेळ, कापणीच्या आधी किती दिवस थांबायचं, सगळं त्यात असतंय. लोक पहिल्यांदा तोच कागद फेकतात. आणि पक्कं बिल घ्या, बॅच नंबरसह. उद्या पीक गेलं तर बिलाशिवाय तुमचं कोण ऐकत न्हाई, मी पण.

मळेकरीण | ५ जुलै, रात्री ९.३५

कळेना! मामांना माझा नमस्कार.

कोळपं_कुळव | ५ जुलै, रात्री ९.५०

एक विचारतो, उत्तर द्या. आमच्या पलीकडच्या रानात दर सालाला तेच औषध. पैल्यांदा ४०० मिलीत तण गेलं. आता ६०० घालतात तरी केना उभाच. का?

धारवाडी_पदवी | ५ जुलै, रात्री १०.३०

काका, तुम्ही औषध न मारता औषधवाल्यांपेक्षा जास्त बघता. दोन कारणं. एकच गटाचं औषध दरवर्षी मारलं की जे तण त्याला दाद देत नाही तेवढंच बी टाकतं, पुढच्या वर्षी रानात त्याचीच पोरं. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्लीदंडा या तणानं १९९० च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला असंच दाद द्यायचं बंद केलं होतं आणि शेतकरी हवालदिल झाले होते. दुसरं म्हणजे केना मुळातच चिवट. कांडीला मुळं फुटतात, जमिनीच्या आत पण फुलतो आणि बी धरतो. चार पानांच्या पुढं गेला की औषध सोसतो.

मात्रा वाढवणं हा उपाय नाही. ६०० मिली घातल्यावर केना राहतो, सोयाबीन भाजतं आणि जमिनीत औषध शिल्लक राहतं. त्यावर रब्बीत ज्वारी किंवा मोहरी घेतली आणि पाऊस कमी झालेला असला तर तिथं फटका दिसतो. म्हणून एक वर्ष पेरल्यावर ४८ तासांच्या आत ओलीवर पेंडीमेथालिन (३० टक्क्यांचं, एकरी एक ते सव्वा लिटर), मग एक कोळपणी. पुढच्या वर्षी दुसरं. पेंडीमेथालिन मारताना मागं मागं सरत जायचं, मारलेल्या मातीवर पाय द्यायचा नाही.

कोळपं_कुळव | ५ जुलै, रात्री १०.४१

म्हंजे शेवटी कोळपणी आलीच.

धारवाडी_पदवी | ५ जुलै, रात्री १०.४३

आलीच, काका.

मुंबईत_बसून_शेती | ५ जुलै, रात्री ११.१५

मी जरा घाईत लिहिलं होतं, मान्य. पण एक शंका आहे. बातमीत वाचलं की तणनाशक मारलं तरी मरत नाही असा बासमती आलाय. मग तुमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बासमतीचं काय होणार?

धारवाडी_पदवी | ६ जुलै, सकाळी ७.००

आहेत तसे वाण. पुसा बासमती १९७९ आणि १९८५ (ही वर्षं नव्हेत, वाणांचे नंबर), दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये दिले. गंमत म्हणजे ते इमाझेथापायरच सोसतात, या धाग्यातलंच औषध. आपल्या साध्या भातावर ते मारलं तर भात मरतं. ते वाण उत्तरेकडच्या बासमती पट्ट्यासाठी आहेत. येळ्ळूरच्या बासमतीशी त्यांचा संबंध नाही.

रताळी_सम्राट | ६ जुलै, सकाळी ७.१२

येळ्ळूरच्या बासमतीला काही होत नाही. त्याचा वासच एवढा की तण लाजून मरतं.

वेदगंगेकाठचा | ६ जुलै, सकाळी ११.४०

मंडळी, सगळं दोनदा वाचलं. आज शेतातूनच लिहितोय. बाबांना ताडीचं उदाहरण सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तण बेवडं न्हाई आणि सोयाबीन मुरलेलं." समजलं म्हणायचं.

असं ठरवलंय. खालच्या अंगाचा लव्हाळ्याचा पाऊण एकर भांगलायचा. चुलतीनं पैऱ्यानं चार बायका जमवल्यात, पुढच्या आठवड्यात त्यांच्या रानात आम्ही. वरच्या सव्वा एकरात तण अजून चार पानांच्या आत आहे, तिथं इमाझेथापायर. मक्याकडच्या तीन ओळी सोडायच्या. लेबलवर तूर आहे, बघितली. पंप स्वतःचा, फक्त कीटकनाशकाला वापरलेला, सोड्यानं धुतलाय. नोझल कुठलं लावू?

चिकोडी_दुकानातून | ६ जुलै, दुपारी १२.०५

कीटकनाशकाचं गोल फवारा मारणारं नको. चपटा, पंख्यागत फवारा पडणारं पाहिजे, नाही तर फ्लड जेट. आणि आधी नुस्तं पाणी भरून पाच गुंठ्यात मारून बघा किती पंप बसतात. आठनं गुणा, एकराचं येतं. तेवढ्या पंपांत ४०० मिली वाटून घाला. टोपणानं मोजायचं न्हाई, टोपण प्रत्येक कंपनीचं वेगळं. सव्वा एकराला ५०० मिली बसतंय.

धारवाडी_पदवी | ६ जुलै, दुपारी १२.२०

लिटरमागं दोन ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि चिकट द्रव घाला, पान धरतं. पान कोरडं, जमीन ओली आणि पुढचे दोन-तीन तास पाऊस नाही, असं बघून. वारा सुटला तर थांबा.

अथणीचा_फड | ६ जुलै, दुपारी १२.३०

खालच्या लव्हाळ्याला पुढं कधी ऊस लावलासा तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल बघा, एकरी ३६ ग्रॅम, गाठीपर्यंत उतरतंय. सोयाबीनमध्ये मारू नका हां, मी चूक केलो ती परत कोण करू नका.

वेदगंगेकाठचा | १० जुलै, रात्री ९.३०

घाबरून लिहितोय. ६ तारखेला दुपारी चारला मारलं, पाच गुंठ्यात पावणेदोन पंप म्हणजे एकरी १४ बसले. आज बाबांचा फोन, सोयाबीनचे शेंडे पिवळे पडलेत, तण मात्र हिरवंगार. उलटं झालं काय?

धारवाडी_पदवी | १० जुलै, रात्री ९.४५

उलटं नाही. सोयाबीन सध्या पचवतंय, आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी येतील. तण हिरवं दिसतंय पण वाढ थांबलेली असेल. एका केन्याला दोरा बांधून ठेवा आणि चार दिवसांनी उंची बघा. हे औषध जाळत नाही, उपाशी मारतं. दोन-तीन आठवडे लागतात.

कोळपं_कुळव | १० जुलै, रात्री १०.००

केन्याला दोरा बांधायचा म्हणे. वडाला बांधत होते, आता केन्याला.

वेदगंगेकाठचा | २७ जुलै, रात्री ८.५०

उशिरा लिहितोय, ओव्हरटाईम चालू होता.

सोयाबीन सावरलं. वरच्या सव्वा एकरात बारीक गवत गेलं, कुर्डू गेला, केना निम्मा गेला आणि उरलेला बोटभर राहून बसलाय, सोयाबीननं झाकून टाकलंय. दोरा बांधलेला केना मेला. खालचा भांगललेला पाऊण एकर जास्त काळाभोर दिसतोय हे कबूल करतो, मातीला हात लागला म्हणून असेल. पण लव्हाळा तिथं परत दोन बोटं वर आलाय. खर्च मांडला तर पैऱ्याचे दिवस धरून भांगलण महाग पडली, आणि भारा-दीड भारा केना-गवत म्हशीला मिळालं ते वेगळं.

चुकलं एक. उत्तरेकडच्या बांधावर तीन ओळी सोडल्या होत्या, तरी मक्याची आतली ओळ खुजी राहिली, पानं लालसर झाली. शेवटचे दोन पंप मारताना वारा सुटला होता. मला वाटलं एवढ्यानं काय होतंय.

बाबा त्या मक्यापाशी उभे राहून म्हणाले, "बघ, ह्याला तू दिसला न्हाईस."

बंबाखूवैरी | २७ जुलै, रात्री ९.०५

मका स्वतःचाच होता हे नशीब. शेजाऱ्याचा असता तर पंच बसले असते.

कोळपं_कुळव | २७ जुलै, रात्री ९.२०

खुजा मका म्हशीला घालू नका लगेच. ते धारवाडवाल्यांना विचारा आधी.

धारवाडी_पदवी | २७ जुलै, रात्री ९.४०

काका बरोबर. बाटलीतल्या कागदावर जनावरांना चारण्याबद्दल काय आहे ते बघा. शंका असली तर ती ओळ उपटून खड्ड्यात टाका, एका ओळीसाठी म्हैस पणाला लावू नका. मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरवर पण विचारता येईल.

वेदगंगेकाठचा | २७ जुलै, रात्री ९.५२

कागद जपून ठेवलाय. भिंग आणतो.

शिवारसुटी | २८ जुलै, सकाळी ६.३०

सोयाबीननंतर हरभरा करणार आहे. त्याच्यात रुंद पानाच्या तणाला उभ्या पिकात काय चालतं?

व्यवस्थापक | २८ जुलै, सकाळी ९.००

हरभऱ्याला नवीन धागा काढा. आणि ग्लायफोसेटची टोपी इथंच ठेवून या.